तरंगणारा टब

तुम्ही ऑकलंड, मेलबर्न किंवा सिडनीत भाड्याच्या घरात राहत असाल, तर लॉन्ड्रीच्या कोपऱ्यात एक जुनं, पांढरं, वरून झाकण उघडणारं वॉशिंग मशीन तुम्ही नक्की पाहिलं असेल. त्यावर फिशर अँड पायकेल असं नाव आणि खाली कुठेतरी स्मार्टड्राइव्ह असं लिहिलेलं असतं. दिसायला ते इतकं साधं आहे की त्याच्याबद्दल कुणी दोन वाक्यंही बोलणार नाही. पण त्याच्या पोटात एक युक्ती आहे, जी समजायला शाळेतला आर्किमिडीज पुरतो. ती युक्ती तिथे कशी पोचली हे समजायला मात्र न्यूझीलंडचा पन्नासेक वर्षांचा आर्थिक इतिहास लागतो. एपिसोडमध्ये आम्ही दुसऱ्या भागावरच जास्त बोललो, म्हणून इथे आधी यंत्राकडे बघू.

टॉप-लोड मशीनपुढची मूळ अडचण काय, ते आधी नीट समजून घ्या. या मशीनला दोन अगदी वेगळी कामं करायची असतात. कपडे धुताना मधला पंख्यांचा खांब, म्हणजे ॲजिटेटर, डावीकडे-उजवीकडे असा हळूहळू हलायला हवा आणि कपड्यांचा भोकाभोकांचा टब जागेवर राहायला हवा. कपडे पिळताना मात्र टब आणि खांब दोघांनी मिळून एकाच दिशेने, प्रचंड वेगाने गरगरायला हवं. आणि हे सगळं करायला खाली एकच मोटर. तीही जुन्या पद्धतीची साधी इंडक्शन मोटर असेल तर ५० हर्ट्झच्या विजेवर ती मिनिटाला १,५०० फेऱ्यांच्या जरा खाली, एका ठरावीक वेगाने फिरत राहते. हळू जा म्हटलं तर ती जात नाही, आणि सेकंदाला एकदा दिशा बदल म्हटलं तर तेही तिला झेपत नाही.

म्हणून जुन्या अमेरिकन मशीनमध्ये मोटर आणि टब यांच्यामध्ये एक अख्खं गाव वसलेलं असे. वेग कमी करायला पट्टा आणि कप्प्या. गोल फिरण्याचं मागे-पुढे हलणं करायला तेलात बुडालेला गिअरबॉक्स. टब कधी जोडायचा, कधी सोडायचा हे ठरवायला क्लच. धुताना टब धरून ठेवायला आणि पिळून झाल्यावर थांबवायला ब्रेक. यातली प्रत्येक गोष्ट झिजते, तेल गळतं, पट्टा सुटतो, आणि प्रत्येकीसाठी कारखान्यात वेगळे साचे आणि वेगळी यंत्रं लागतात.

यातून सुटण्याचा एक मार्ग तुमच्यापैकी बहुतेकांनी भारतातल्या घरी पाहिलेला आहे, तो म्हणजे सेमी-ऑटोमॅटिक. दोन टब, दोन मोटरी. एकात धुवायचं, दुसऱ्यात पिळायचं, आणि या टबातून त्या टबात ओले कपडे उचलून टाकायचं काम माणसाने करायचं. म्हणजे त्या मशीनचा क्लच तुमची आई होती. (आमच्याकडे बाबा होते, पण ते अपवाद म्हणून सोडून द्या.)

ज्यांना माणसाचे हात मधून काढून टाकायचे होते त्यांना गिअर आणि क्लच पत्करावे लागले. निदान १९८०च्या दशकापर्यंत तरी.

आता फिशर आणि पायकेल. वुल्फ फिशर आणि मॉरिस पायकेल हे दोन विशी-बाविशीतले तरुण. १९३४ साली त्यांनी ऑकलंडमध्ये कंपनी काढली, आणि ती काही बनवणारी नव्हती, आयात करणारी होती. अमेरिकेतून क्रॉस्लीचे फ्रिज, मेटॅगची वॉशिंग मशीन, पायलटचे रेडिओ आणायचे आणि विकायचे. मेटॅग त्या काळी या धंद्यातलं मोठं नाव. आयोवा राज्यातल्या न्यूटन गावच्या या कंपनीने १९२२ मध्ये टबाच्या तळाशी पंख्यांचा ॲजिटेटर बसवला होता. कपडे पाण्यातून ओढण्याऐवजी पाणीच कपड्यांमधून ढकलायचं, ही त्यामागची कल्पना. आज तुम्ही जो मधला खांब पाहता तो त्या घराण्यातला.

मग आलं १९३८. न्यूझीलंडची परकीय चलनाची गंगाजळी आटत चालली होती. मायकेल सॅव्हेज यांचं मजूर पक्षाचं सरकार नुकतंच पुन्हा निवडून आलं होतं. वर्षाच्या शेवटी सरकारने आयातीवर परवाने लादले. बाहेरचा तयार माल आणायचा तर सरकारची परवानगी हवी. तुम्ही आजी-आजोबांकडून स्कूटरसाठी नंबर लावल्याच्या, फोनसाठी वर्षानुवर्षं वाट पाहिल्याच्या गोष्टी ऐकल्या असतील, तर हा प्रकार तुम्हाला परका वाटणार नाही. फरक एवढाच, की न्यूझीलंडने तो आपल्या आधी सुरू केला. आयात करून विकणाऱ्या कंपनीपुढे दोनच वाटा उरल्या, धंदा बंद करणं किंवा तोच माल इथे बनवणं. फिशर आणि पायकेल बनवायला लागले. सुरुवातीला परदेशी कंपन्यांच्या परवान्याखाली, त्यांच्या आराखड्यांवर.

पुढची चार दशकं ही भिंत उभी राहिली, आणि तिच्या आत एक चमत्कारिक प्रकारचा कारखाना वाढला. देश केवढा? १९९१ मध्येसुद्धा लोकसंख्या पस्तीस लाखांच्या आसपास, म्हणजे आजच्या पुण्याहून कमी. एवढ्याशा बाजारासाठी फ्रिजही बनवायचे, चुलीही, वॉशिंग मशीनही. एकाच नमुन्याची लाखो मशीन काढून ती स्वस्त करणं हा अमेरिकन मार्ग इथे बंद होता. थोड्या थोड्या संख्येत, अनेक प्रकार, तेही परवडेल अशा किमतीत काढायला शिकावं लागलं. गिअरबॉक्ससारखी गोष्ट, जिचे साचे महाग आणि जी मोठ्या संख्येनेच स्वस्त पडते, ती अशा कारखान्याच्या गळ्यातली धोंड असते. कंपनीच्या अभियंत्यांना यंत्रातले भाग कमी करण्याची इतकी ओढ का लागली, याचं उत्तर मला इथे दिसतं. हे माझं मत, पण आकड्यांचं गणित त्याच बाजूने आहे.

एक आडवाट. याच कंपनीतल्या लोकांनी १९७०च्या आसपास अतिदक्षता विभागातल्या रुग्णांच्या श्वासात ओलावा आणणारं उपकरण बनवायला घेतलं, आणि त्याचा पहिला नमुना फळं टिकवायच्या काचेच्या बरणीतून तयार झाला. त्या धंद्याची २००१ मध्ये स्वतंत्र कंपनी झाली, आणि आज ती वॉशिंग मशीनवाल्या भावंडापेक्षा कितीतरी मोठी आहे. मुरंब्याच्या बरणीतून दवाखान्याचं यंत्र काढणारी ही माणसं कशी विचार करत असतील, याचा अंदाज तुम्हाला आला असेल.

१९८४ च्या जुलैमध्ये न्यूझीलंडमध्ये सत्ता बदलली, आणि गंमत म्हणजे भिंत पाडायला निघाला तो पुन्हा मजूर पक्षच. अर्थमंत्री रॉजर डग्लस. डॉलरचं अवमूल्यन झालं, १९८५ मध्ये तो तरंगता झाला, अनुदानं गेली आणि आयात परवाने पुढच्या काही वर्षांत मोडीत निघाले. त्यांच्या धोरणांना लोक अजूनही रॉजरनॉमिक्स म्हणतात, कुणी कौतुकाने, कुणी शिवी म्हणून. भारतात हेच १९९१ मध्ये झालं. अनेक कारखाने बुडाले, आणि गावंच्या गावं बेकार झाली.

त्याच १९८५ साली फिशर अँड पायकेलने एक मशीन बाजारात आणलं. नाव, जेंटल ॲनी. न्यूझीलंडच्या नकाशात हे नाव तुम्हाला ठिकठिकाणी सापडेल. मागे-पुढे हलवणारा गिअरबॉक्स या मशीनमध्ये नव्हता. त्याच्या जागी इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाची मोटर होती. ती स्वतःच थांबायची, दिशा बदलायची, पुन्हा निघायची. जे काम लोखंडाचे दात करत होते ते मायक्रोप्रोसेसर आणि ट्रान्झिस्टर करू लागले. हलवण्याची पद्धत आता दातांवर कोरलेली नव्हती, प्रोग्रॅममध्ये लिहिलेली होती. लोकरीसाठी हळू, जीन्ससाठी जोरात, असं एकाच यंत्राला सांगता येऊ लागलं.

तरी दुसरी अर्धी अडचण शिल्लक होतीच. खांब हलताना टब सोडायचा आणि पिळताना तो जोडायचा, तर मग क्लच हवाच ना?

इथे येतं ते तरंगणं. १९९१ मध्ये आलेल्या स्मार्टड्राइव्हमध्ये या दोन्ही गोष्टी एकत्र सुखाने नांदताना दिसतात, म्हणून आपण तेच मशीन उघडू.

बाहेर पाणी धरणारा एक मोठा टब असतो. त्याच्या आत भोकांचा, कपड्यांचा टब. बाहेरच्या टबाच्या बुडातून एक उभा दांडा वर येतो आणि ॲजिटेटर थेट त्या दांड्यावर बसलेला असतो. आतला टब मात्र दांड्याला कायमचा जोडलेलाच नाही. तो फक्त त्यावर ठेवलेला आहे. त्याच्या मध्यभागी खाचा आहेत आणि दांड्यावर त्यांना जुळणारे दात. टब रिकामा असला की स्वतःच्या वजनाने खाली बसतो, खाचा दातांत अडकतात, आणि दांडा फिरला की टबही फिरतो.

आता पाणी सोडा. भोकांमधून ते आतल्या टबातही येतं. नुसता पोलादी टब पाण्यात बुडाला तर त्याचं वजन जेमतेम आठवा हिस्सा हलकं होईल, कारण पोलाद पाण्यापेक्षा जवळपास आठपट जड. तेवढ्याने काही तो उचलला जाणार नाही. म्हणून टबाच्या बुडाशी उपड्या वाटीसारखी पोकळी ठेवली आहे. पाणी वर चढू लागलं की त्या वाटीतली हवा तिथेच कोंडली जाते. बादलीत रिकामा तांब्या उपडा दाबून पाहा, तो हाताला कसा वर ढकलतो. तसाच इथे अख्खा टब वर ढकलला जातो. पाणी पुरेसं झालं की टब काही मिलिमीटर उचलला जातो, खाचा दातांतून सुटतात, आणि टब तरंगायला लागतो. आता दांडा मागे-पुढे हलला तरी हलतो फक्त ॲजिटेटर.

धुऊन झालं, पंपाने पाणी उपसलं, की टब हळूहळू खाली येतो, खाचा पुन्हा दातांत बसतात. आता मोटर एका दिशेने वेग घेते, मिनिटाला १,००० फेऱ्यांच्या आसपास, आणि टब-खांब दोघेही गरगरतात. थांबवायला वेगळा ब्रेक नको, मोटरच उलटा जोर लावून टब थांबवते.

म्हणजे या मशीनचा क्लच हा पाणीच आहे. पाणी आहे म्हणजे धुवायचं आहे, म्हणजे टब सुटलेला हवा. पाणी नाही म्हणजे पिळायचं आहे, म्हणजे टब जोडलेला हवा. कुठली अवस्था आहे हे यंत्राला कुणी सांगावं लागत नाही. झिजणारी चकती नाही, स्प्रिंग नाही, ओढणारी तार नाही. याहून देखणं यंत्रशास्त्र मी घरगुती उपकरणांत तरी पाहिलेलं नाही. आणि हो, टब तरंगलाच नाही तर? समजा चादरी ठासून भरल्यात आणि पाणी कमी पडलं. हे मशीनला तपासावं लागतं, नाहीतर खांबाबरोबर कपड्यांचा अख्खा टब गदागदा हलेल. म्हणून ते आधी टब सुटलाय का याची खात्री करून घेतं आणि मगच कामाला लागतं.

आता मोटर. टबाच्या बरोबर खाली, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला ती बसवली आहे. मध्ये पट्टा नाही, गिअर नाही. जेवणाच्या ताटाएवढी चपटी मोटर. तिचा आतला भाग स्थिर असतो, त्यावर गोलाकार मांडलेली तांब्याच्या तारेची वेटोळी. जुन्या मॉडेलमध्ये अशी ४२ वेटोळी, नंतरच्यांत ३६. त्यांच्याभोवती बाहेरून टोपीसारखा बसतो तो फिरणारा भाग, त्याच्या आतल्या कडेला कायमचे लोहचुंबक. ४२ वेटोळ्यांच्या मोटरीला चुंबकाचे ५६ ध्रुव, ३६च्या मोटरीला ४८. नेहमीच्या मोटरीत आतला भाग फिरतो आणि बाहेरचा स्थिर असतो. इथे उलटं आहे, कारण चुंबक मध्यापासून जितके लांब तितका पीळ जास्त मिळतो. टरफेचं तोंड लांब दांड्याने ढकलावं तसं.

वेटोळी तीन गटांत विभागलेली असतात. ४२ असतील तर प्रत्येक गटात १४. कुठल्या गटात कधी वीज सोडायची हे इलेक्ट्रॉनिक्स ठरवतं, आणि चुंबक या क्षणी कुठे आहेत हे त्याला छोटे सेन्सर सांगतात. ध्रुवांच्या २८ जोड्या, म्हणजे टबाच्या एका फेरीत विजेला २८ आवर्तनं पुरी करावी लागतात. मिनिटाला १,००० फेऱ्यांचा हिशेब केलात तर सेकंदाला साडेचारशेहून जास्त आवर्तनं होतात. भिंतीतल्या ५० हर्ट्झच्या विजेकडून हे कधीच झालं नसतं. घरातल्या मशीनला परवडतील असे इलेक्ट्रॉनिक स्विच १९८०च्या दशकात मिळू लागले, म्हणून ते जमलं. त्यामुळे ही युक्ती १९६० मध्ये कुणाला का सुचली नाही असं विचारू नका. सुचून उपयोग नव्हता.

हे मशीन बिघडलं की कसं सांगतं तेही बघा. जुन्या मॉडेलना आकडे दाखवणारी पट्टी नव्हती, फक्त दिव्यांची रांग. बिघाड झाला की त्यातले काही दिवे लागतात, काही विझलेले राहतात, आणि ती संख्या बायनरीत वाचायची असते. पहिला दिवा एक, पुढचा दोन, मग चार, आठ. कम्प्युटर सायन्सवाल्यांनो, तुमच्या शिक्षणाचा घरच्यांना दिसेल असा उपयोग एवढाच.

भारतात तुमच्या घरी एलजीचं मशीन असेल तर त्यावर डायरेक्ट ड्राइव्ह असं स्टिकर असेल. तीच जात. एलजीने ती १९९०च्या दशकाच्या अखेरीस आणली आणि जगभर पोचवली. ऑकलंडमधून बाहेर पडलेली मशीन त्याच्या आधीची, पण पाठीमागे एवढा मोठा कारखाना आणि एवढा मोठा बाजार नव्हता.

आणि इथून गोष्ट अवघड होते. २००७ मध्ये फिशर अँड पायकेलने जाहीर केलं, की ऑकलंडच्या ईस्ट तामाकीतलं वॉशिंग मशीनचं उत्पादन थायलंडला हलवणार. शेकडो नोकऱ्या गेल्या. योगायोग असा, की ज्या मेटॅगची मशीन विकून या कंपनीने धंदा सुरू केला होता, त्या मेटॅगचा न्यूटन गावातला कारखानाही त्याच वर्षी बंद पडला. २००६ मध्ये व्हर्लपूलने मेटॅग विकत घेतली होती. २००९ मध्ये चीनच्या हायरने फिशर अँड पायकेलचा पाचवा हिस्सा घेतला आणि २०१२ मध्ये कंपनीच घेतली. हायरचा एक कारखाना पुण्याजवळ रांजणगावला आहे, गणपतीला जाताना तुम्ही त्या औद्योगिक वसाहतीवरून गेला असाल. तर मालकाच्या नात्याने ही गोष्ट आपल्या दारापर्यंत येते.

न्यूझीलंडमध्ये या कंपनीचं उदाहरण दोन्ही बाजूंचे लोक देतात. एक म्हणतात, संरक्षक भिंत नसती तर हा कारखाना उभाच राहिला नसता, फिशर आणि पायकेल आयुष्यभर अमेरिकन खोकी विकत बसले असते. दुसरे म्हणतात, भिंत पडली म्हणून तर त्यांना नवं काही करावं लागलं. आपल्याकडेही १९९१ बद्दल अगदी हेच वाद होतात, आणि दिवाळीच्या फराळावर ते संपत नाहीत. माझा कल सांगतो. तारखा नीट पाहा. जेंटल ॲनी १९८५ च्या वर्षातली, म्हणजे तिच्यावरचं काम भिंत पडण्याच्या आधीपासून चालू असणारच. असं यंत्र एका वर्षात होत नाही. ते करणारी माणसं भिंतीच्या आत तयार झाली होती. पण ती भिंत बहुतेकांना आळशी करते, आणि इथे तसं झालं नाही, त्याला कारण भिंतीच्या आतला बाजार फार छोटा होता. मोठ्या बाजाराभोवती भिंत घातली की काय होतं ते आपण ॲम्बॅसिडर गाडीच्या रूपाने तीस-चाळीस वर्षं पाहिलं. त्यामुळे स्वदेशीच्या किंवा खुल्या बाजाराच्या बाजूने या मशीनला साक्षीला बोलावणाऱ्याकडे मी जरा संशयानेच बघते.

कंपनीचं संशोधन अजून न्यूझीलंडमध्ये, ऑकलंड आणि डनीडिनला चालतं. तुमच्यापैकी काही जण तिथे नोकरीला जातीलही. पण यंत्र ज्या जागी जोडलं जायचं ती जागा आणि ज्या जागी सुचायचं ती जागा आता समुद्राच्या दोन टोकांना आहेत. जोडणी करणाऱ्याने आराखडा काढणाऱ्याच्या टेबलापाशी जाऊन हा खाचा नीट बसत नाही असं सांगायचं, हा प्रकार संपला. त्याची किंमत कुठल्याच ताळेबंदात लिहिलेली नसते, म्हणून ती नव्हतीच असं आपण धरून चालतो.

जुनी मशीन मात्र दुसऱ्याच कामाला लागली आहेत. कायमचे चुंबक, पुष्कळ ध्रुव आणि कमी वेगात भरपूर पीळ, अशी मोटर उलटी चालवली की उत्तम जनित्र होतं. न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियात हौशी मंडळींनी भंगारात टाकलेल्या स्मार्टड्राइव्हच्या मोटरी काढून पवनचक्क्यांना आणि ओढ्यावरच्या छोट्या टर्बाइनना लावायला सुरुवात केली. कारखान्यातल्या जोडणीने व्होल्टेज जास्त आणि करंट कमी मिळतो, बॅटरीला उलट हवं असतं. म्हणून वेटोळी कापून वेगळ्या गटांत जोडतात. मंद वाऱ्यात चक्की अडकून बसू नये म्हणून काही जण चुंबकांच्या कडा घासून गोलसर करतात. तारानाकी भागातल्या एका कंपनीने तर याच मोटरीवर पॉवरस्पाउट नावाचं छोटं जलविद्युत टर्बाइन उभं केलं, आणि विजेची तार न पोचलेल्या घरांसाठी ते देशोदेशी जातं.

तुमच्या घरी हे मशीन असेल तर एक करून पाहा. प्लग काढा, झाकण उघडा आणि रिकाम्या मशीनमधला खांब हाताने फिरवा. टबही बरोबर फिरेल, आणि हाताला बारीक बारीक अडखळल्यासारखं जाणवेल. ते गंजलेलं नाही. खालचे चुंबक एका वेटोळ्यावरून दुसऱ्यावर उड्या मारतायत.